पांढऱ्या दोऱ्याचं पाणी

४ फेब्रुवारी

शहाण्या,

आशीर्वाद पाठवतेय. नको असले तर पाकिटातच राहू देत, मी परत मागणार नाही.

सात वर्षांपूर्वी तुझं एक कार्ड आलं होतं. त्यावर तुझा पत्ता होता, बाकी सगळं कोरं. त्या कोऱ्या कार्डाला मी आजवर अकरा पत्रं पाठवली. उत्तर एकाचंही नाही, पण परतही एक आलं नाही. म्हणजे कुणीतरी दार उघडून घेतं. तू घेतोस की तुझी घरमालकीण शेगडी पेटवायला घेते, ते तुम्ही दोघं बघा.

लिहितोय नेहमीप्रमाणे बायंडर. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं शिवायचा तोच, आता माझ्या भिंतीपलीकडे राहतो. मला मोतीबिंदू आहे म्हणून बिचारा लिहून देतो. माझा मोतीबिंदू किती जुना आहे ते तुला ठाऊक आहेच. पण बायंडरला सांगितलं ते लिहिता येत नाही, त्याला सुधारायची खोड. मी बोंब म्हटलं की तो ओरड लिहितो. तेव्हा पत्र जरा सभ्य वाटलं तर घाबरू नकोस, मी बरी आहे.

आता बातमी. तुझी बॅच आली होती माझ्याकडे. पंधरा जण. खोलीत खुर्च्या दोन. कुणी खाटेवर, कुणी पेटीवर, एक तर खिडकीत, कबुतर बसल्यासारखा. पोरं म्हणावं तर कुणाचं पोट पुढे आलंय, कुणाचं कपाळ मागे गेलंय. उंट दारातून वाकून आला. तो आता औषधांच्या कारखान्यात मोठा साहेब आहे, पण कुठे बसलं की पायांचं काय करायचं ते त्याला अजून कळत नाही. आणि टिटवी आली होती. आवाज तसाच, एका टोकाला बोलली की दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. काळा चष्मा लावते. डाव्या बाजूनं हाक मारली तर सगळी मान वळवते.

उंटानं तुमच्या सरांच्या आवाजात हजेरी घेतली. भेटले की म्हणे दर वेळी घेतात. ज्याचा नंबर येई तो हजर म्हणे, आणि जे आले नव्हते त्यांच्या नंबराला सगळे मिळून गैरहजर म्हणत. सत्तावीस झाला. मग एकोणतीस. मला बाकी काही कळत नसेल, पण सत्तावीसनंतर काय येतं ते कळतं. तुझ्या नंबराला त्यांनी गैरहजरसुद्धा म्हटलं नाही.

आले होते ते एक सांगायला. कॉलेजनं आपल्याला शिकवलं, आता आपण काहीतरी परत द्यायचं, असं ठरवून सगळ्यांनी मिळून एक शिष्यवृत्तीचा निधी केलाय. कॉलेजात झाडणारे, पाणी भरणारे, फाटकावर बसणारे, त्यांच्या मुलांसाठी. दर वर्षी एक जण. यंदा वॉचमनची मुलगी. आणि निधीला नाव द्यायचंय माझं. तीस वर्षं त्यांच्या लॅबमधल्या नळ्या न् बाटल्या धुतल्या ना मी, म्हणून. लॅबच्या बाहेर नावाचा फलक लागणार, पंधरा मार्चला हॉलमध्ये कार्यक्रम. मी म्हटलं, अरे, नावं मेलेल्यांची देतात, माझा अजून अर्धा कप चहा शिल्लक आहे. सगळे हसले. मीही हसले.

बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू जरा उशिरा आलास, एवढंच काय ते झालं. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय.

पाकिटाला पांढरा दोरा बांधलाय. म्हणजे आत नुसतं पाणी. बायंडर विचारतो, दोरा कशाला? मी म्हटलं, हल्लीचा डिंक चांगला नसतो. डिंकाबद्दल बोलल्यामुळे तो आता रुसलाय.

तुझी आजी


१९ फेब्रुवारी

शहाण्या,

टिटवी काल एकटी आली. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत माझ्यावर एक पान छापणार आहेत, ते लिहून घ्यायला. वही, दोन पेनं, सगळा सरंजाम. जन्म कधीचा, विचारलं. मी म्हटलं, झाला एवढं नक्की.

मग विचारलं, एवढ्या बाटल्या, एवढे कॅन, तुम्ही कशात काय आहे ते झटकन कसं ओळखायचात? मी म्हटलं, तू तुझ्या पोरांना ओळखतेस तसं. तिला आवडलं, लिहून घेतलं. धुतलेली बाटली मी खिडकीच्या उजेडात धरून बघायची, तेही घेतलं. पुस्तिकेतली आजी फार गोड बाई आहे. मला एकदा तिला भेटायला आवडेल.

शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, माझा नातूही तुमच्याच बॅचचा, पुस्तिकेतल्या तुमच्या यादीत त्याचं नाव कुठाय?

जे सगळ्यांना माहीत आहे ते इथे लिहायला हरकत नाही, बायंडरलाही पाठ आहे. तुमचं तिसरं वर्ष. प्रॅक्टिकल चालू असताना टिटवीच्या डोळ्यात काहीतरी बारीकसं उडालं. शेजारी तू. टेबलावरची शुद्ध पाण्याची दाबायची बाटली उचललीस आणि तिचा डोळा धुतलास. बाटलीत पाणी नव्हतं, कातडी जाळणारं कॉस्टिक होतं. बाटल्या सकाळी कुणी भरल्या, असं प्रिन्सिपॉलनी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, मी. आजीची कंबर धरली होती, म्हणून मी भरल्या. तिचा डोळा गेला, तुझं नाव पटावरून गेलं. बारा वर्षं झाली.

टिटवी वही मिटून म्हणाली, "आजी, त्याला मनातून माफ करायला मला बारा वर्षं लागली. यादीत घ्यायला अजून बारा लागतील."

मग म्हणाली, तुमचं नाव मीच सुचवलं. मी दवाखान्यात होते तेव्हा रोज येणाऱ्या तुम्ही एकट्याच. दोन महिने रोज. नातवाचं पाप आजी फेडतेय, असं आई म्हणायची.

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं, तुला ठाऊक आहे.

पांढरा दोराच बांधलाय. दुसरा सापडला नाही.

तुझी आजी


२ मार्च

शहाण्या,

चार फेब्रुवारीच्या पत्रात एक चूक झाली. त्या दिवशी तू उशिरा आला नव्हतास.

एवढं सांगितलं आणि बायंडरचं पेन थांबलं. कान मात्र उभे राहिले. हा माणूस सकाळी दूध आणायला गेला की सगळ्या गल्लीची बातमी घेऊन येतो, आणि घेऊन येण्यासाठी काहीतरी देऊन यावं लागतं. म्हणून मी म्हटलं, पुढे लिही, माझा गुडघा दुखतो. तेव्हा माझा गुडघा दुखतो.

ज्यांना लिहिता येतं त्यांचं बरं असतं. गुपित एकट्यानं सांगता येतं. ज्याला दुसऱ्याच्या हातानं लिहावं लागतं, त्याला आधी त्या हाताला सांगावं लागतं.

काल वॉचमनची मुलगी आली होती. हुशार आहे, तुझ्यासारखी बोलताना डावा कान खाजवते. फॉर्म घेऊन आली, माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, आजी, बघा ना, वर तुमचं नाव छापलंय. मी म्हटलं, चष्मा नाही गं. तिनं वाचून दाखवलं. बोट ठेवून, एकेक शब्द, मोठ्यानं. पुढच्या वर्षी ती तुमच्याच लॅबमध्ये उभी राहणार. ती गेल्यावर मी बराच वेळ जेवायला बसले नाही.

पंधरा तारखेला येशील का? यायचं नसेल तर नको येऊस. पण विचारलं नाही असं नको.

बायंडर म्हणतो, दोरा कोणता बांधायचा? शिकलाय आता. मी म्हटलं, राहू दे, उद्या बघू. पाकीट तसंच दोन दिवस पडलं, आज चार तारखेला ही ओळ जोडून पांढराच बांधतेय.

तुझी आजी


१३ मार्च

शहाण्या,

अक्षर वेगळं दिसेल. आज टिटवी लिहितेय. माझ्यावरच्या पानाच्या दोन ओळी राहिल्या होत्या, त्या घ्यायला आली. मी म्हटलं, आधी माझं एक पत्र लिही, मग तुझं पान. कुणाला, तिनं विचारलं. मी म्हटलं, अठ्ठावीस नंबरला. उठून जाईल असं वाटलं. दोन वेळा पेनचं टोपण लावलं, काढलं, आणि बसली.

टिटवे, मी सांगेन तसंच लिही. बोंबेची ओरड करू नकोस.

शहाण्या, ही लिहितेय ते मी सांगितलेलंच आहे की नाही, मला कळायचं नाही. कारण मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. मोतीबिंदू वगैरे काही नाही, असला तर जन्माआधीचा. हे लिहिलंस का गं? लिहिलं म्हणते.

लॅबमध्ये कामाला लागताना मी सांगितलं होतं, चौथी झाले आहे. सही तेवढी गिरवून ठेवली होती. पहिली काही वर्षं नाकावर आणि देवावर काढली. मग तुझी आई गेली, तू माझ्याकडे आलास, शाळेत जाऊन लेबलं वाचायला लागलास. दोऱ्यांची अक्कल तुझीच. नवा माल आला की तू शाळेआधी यायचास, लेबल वाचायचास आणि मी कॅनच्या गळ्यात दोरा बांधायची. लाल म्हणजे जाळणारं. काळा म्हणजे नाक लांब ठेव. पांढरा म्हणजे शुद्ध पाणी. आणि दोरा नाही म्हणजे धुऊन पालथी घातलेली रिकामी बाटली. सरांना वाटायचं, बाईला सजावटीची हौस आहे. चौदा वर्षं एक चूक नाही.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी नवे कॅन आले. सगळे सारखे, पांढरे. तू म्हणालास, आजी, सकाळी साडेआठला येतो, तोवर हात लावू नकोस. तू साडेआठलाच आलास. मी आठलाच बाटल्या भरून मोकळी झाले होते.

का, ते ऐक. आधीच्या आठवड्यात तू उंटाला माझ्यासमोर म्हणाला होतास, माझ्या आजीला माझ्याशिवाय पाणीसुद्धा ओळखता येत नाही. थट्टेत म्हणालास. माझ्या घरात वाढलेलं पोर थट्टा नाही तर काय करणार. उंटाला तर काही कळलंही नाही, तो आपला हसला. पण मला ते लागलं. जन्मभर दुसऱ्यांना टोचलेलं आठवलं नाही, स्वतःला लागलेलं बरोबर लक्षात राहिलं.

मी झाकण उघडलं. वास घेतला, वास नव्हता. बोट बुडवलं असतं तर बुळबुळीत लागलं असतं, लगेच कळलं असतं. एवढंही केलं नाही. पांढरा दोरा बांधला आणि टेबलावरच्या सगळ्या बाटल्या भरल्या.

तू आलास तेव्हा घंटा होत होती. तू दारातूनच विचारलंस, आजी, नव्या कॅनला हात नाही ना लावलास? मी म्हटलं, नाही, जुन्याच पाण्यानं भरल्यात.

म्हणून तू ती बाटली उचललीस. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

प्रिन्सिपॉलांच्या खोलीत मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. मला वाचता येत नाही हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती, खोली गेली असती, आणि ते तुला माहीत होतं. त्यांनी मला विचारलं, बाई, हा म्हणतो ते खरं का? मी मान हलवली. मान हलवायला अक्षर लागत नाही.

त्या संध्याकाळी तू पिशवी भरत होतास. म्हणालास, "आजी, त्यांच्यासमोर नको. माझ्यासमोर तरी एकदा म्हण."

आणि मी म्हटलं, "जा की. दुसऱ्या कॉलेजात काय पाणी मिळत नाही?"

मला वाटलं, तू हसशील. नेहमी हसायचास. तू पिशवीचा बंद आवळलास आणि गेलास. पुढे आठ वर्षं मी तिथेच बाटल्या धुतल्या. निरोपाच्या वेळी मला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पुढे पळतं.

आज म्हणते. बाटल्या मी भरल्या. तू नाही. मी.

टिटवीचं पेन थांबलंय. तिनं चष्मा काढलाय आणि काच पुसतेय, एकच काच, पुन्हा पुन्हा. मी गप्प बसलेय. गप्प बसलेय हे पत्रात कसं लिहितात ते तिला माहीत असेल.

आता तिनं विचारलं, "दवाखान्यात तुम्ही माझ्या कुठल्या बाजूला बसायचात?"

मी म्हटलं, "पट्टीच्या."

"का?"

"तुला माझं तोंड दिसू नये म्हणून."

हेही तिनं लिहून घेतलंय. पुढे, असं विचारतेय. माझं नाव काढू का, हे विचारत नाही. शिव्याही देत नाही. दिल्या असत्या तर मी त्याही लिहायला लावल्या असत्या.

पुढे एवढंच. टिटवे, माझ्या पानाच्या जागी परवा हे वाच. व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर. मला वाचता आलं असतं तर मी वाचलं असतं. वाचून झालं की या पाकिटात घालून टपालात टाक, पत्ता कार्डावर आहे. वाचायचं नसेल तर फाडून टाक, मला कळणारही नाही. तेवढी मोकळीक तुला माझ्या अडाणीपणामुळेच मिळतेय.

शहाण्या, पाकिटाला लाल दोरा बांधतेय. टिटवी बघतेय माझ्या बोटांकडे. आता तिलाही त्याचा अर्थ कळला.

तुझी आजी


१७ मार्च

शहाण्या,

बायंडर दोन दिवस भिंतीपलीकडे खोकलासुद्धा नाही. आज आपणहून पेन घेऊन आला. चहा घेतला नाही. एवढंच म्हणाला, मोतीबिंदू म्हणून सात वर्षं मला बनवलंस. त्याला टिटवीच्या डोळ्यापेक्षा माझ्या मोतीबिंदूचं जास्त लागलंय. माणसाला आपापल्या वाट्याचंच दुखतं. लिही रे, हेही लिही.

टिटवीनं वाचलं. मला ती पहिल्या रांगेत बसवून गेली होती. मला वाटलं, आता माझ्या गोडव्याचं पान काढेल. तिनं पाकिटातला कागद काढला. लाल दोरा मनगटात अडकवून ठेवला, हरवू नये म्हणून. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द बदलला नव्हता. बायंडरनं शिकावं.

टाळ्या कसल्या. माझ्या उजवीकडच्या बाई पाणी प्यायला गेल्या, डावीकडच्यांना फोन आला. दोघांना परत यायची वाट सापडली नाही. मी मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना ऐसपैस.

फलकावरचं कापड कुणी काढलं नाही. तो तसाच गुंडाळून रंगाऱ्याकडे परत गेला. आता म्हणे त्यावर नाव नाही, फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, एवढंच. निधी आहे तसा राहिला, वॉचमनच्या मुलीला तिचा कागद मिळाला. काल ती फाटकाशी दिसली. मी हात केला. तिनं बुटाचा बंद बांधायला घेतला. बांधलेलाच होता.

कॉलेजच्या ऑफिसनं जुनी फाइल काढलीय. या वयात मला कामावरून काढायचं कुठून, ते त्यांना सापडत नाहीये. उंट आला होता. बसला नाही, दारातच वाकून उभा राहिला. म्हणाला, आजी, त्या दिवशी मी हसलो होतो. मी म्हटलं, तुझ्या हसण्यानं काही झालं नाही रे. पण तो ते ऐकायला आला नव्हता. तोही आता कुठेतरी जाऊन कुणाला तरी सांगत बसेल.

आता तुझं.

वाचून झाल्यावर कुणी हलत नव्हतं, तेव्हा टिटवीनं हजेरी घ्यायला सुरुवात केली. चेष्टेच्या आवाजात नाही, तिच्या स्वतःच्या. एक, दोन, तीन. लोक हळूच हजर म्हणत होते, कुणी नसेल तिथे गैरहजर. सत्तावीस झाला.

मग ती म्हणाली, अठ्ठावीस.

आणि थांबली. कुणी हजर म्हटलं नाही. पण गैरहजरही म्हटलं नाही. दारापाशी कुणीतरी वळून बाहेर बघितलं. मीही बघितलं. मला हजर म्हणावंसं वाटलं, तुझ्या वतीनं. पण तुझ्या वतीनं काही करायचा हक्क मी त्याच सकाळी घालवला. ती बराच वेळ थांबली. मग एकोणतीस म्हणाली.

जाताना ती माझ्या खुर्चीजवळून गेली. दिसणारी बाजू माझ्याकडे होती. तिनं बघितलं नाही.

तिनं तुला ते पत्र टाकलं का, मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही. म्हणून हे वेगळं पाठवतेय.

हॉलमध्ये म्हणून झालं. पण तू म्हणाला होतास, माझ्यासमोर. ते राहिलंय. माझं वय बघता लवकर ये. हा थट्टेचा भाग नाही, बायंडर, खोडू नकोस.

या पाकिटाला दोरा नाही. बायंडर म्हणतो, विसरलीस. विसरले नाही. बाटली आता रिकामी आहे. नीट धुतली गेली की नाही ते मला सांगता यायचं नाही. उजेडात धरून तू बघ.

तुझी आजी